जुनी काच, जुनी चिनीमाती: ऑनलाइन विकण्याआधी ओळखताना या चुका टाळा

जुनी बशी हातात आली की आपण ती उलटी करतो, तळाचा शिक्का वाचतो, त्याचा फोटो मोबाइलवर शोधतो आणि समोर येईल ते पहिलं नाव जाहिरातीत टाकतो. ओळख चुकण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. शिक्का हा पुरावा खराच, पण नक्कल करायला सर्वांत सोपा. म्हणून वस्तू कशाची आहे, कशी घडवली आहे, कुठे झिजली आहे हे आधी बघा. शिक्का त्याच्याशी जुळतो का, हे नंतर तपासा. नाव आधी मनात बसलं की डोळ्यांना त्या नावाला पोषक तेवढंच दिसतं.

शिक्का वाचताना

एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी दिसल्या की जर्मनीतल्या माइसनचं नाव लगेच घेतलं जातं. तो कारखाना 1710 मध्ये सुरू झाला आणि तलवारींची खूण 1720 च्या दशकात आली. पण अठराव्या शतकातच इंग्लंडमधल्या वूस्टरच्या काही भांड्यांवरही तशाच तलवारी काढल्या गेल्या, आणि पुढे अनेकांनी तेच केलं. चिनी भांड्यांवरच्या सम्राटांच्या नावाच्या खुणांचंही तसंच आहे. कांगशी सम्राटाचा काळ 1722 मध्ये संपला, तरी त्याच्या नावाची खूण एकोणिसाव्या शतकातल्या भांड्यांवरही सर्रास दिसते. त्यात फसवणुकीचाच हेतू असतो असं नाही, जुन्या कारागिरीला मान देण्याचीही ती रीत होती. खरेदीदाराला मात्र काळ चुकीचा सांगितला जातो, एवढं खरं.

लिमोज हे फ्रान्समधलं शहर आहे, कारखाना नव्हे. तिथे अनेक कारखाने होते आणि एकाच भांड्यावर बऱ्याचदा दोन शिक्के असतात: झिलईखालचा शिक्का भांडं बनवणाऱ्याचा, झिलईवरचा ते रंगवणाऱ्याचा. लिमोजची कोरी पांढरी भांडी परदेशी जाऊन तिथे हौशी लोकांनीही रंगवलेली आहेत. त्यामुळे नुसतं ‘लिमोज’ लिहिणं म्हणजे अर्धीच ओळख. वेजवुड या इंग्लिश कंपनीबाबतीत स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा. जोसाया वेजवुड यांच्या कंपनीच्या नावात (Wedgwood) ‘जी’नंतर ‘ई’ नाही. ते जास्तीचं ‘ई’ असलेला किंवा ‘वेजवुड अँड कंपनी’ असा शिक्का बहुधा वेगळ्याच कारखान्याचा असतो.

सगळ्यात जास्त घोळ सालांमुळे होतो. शिक्क्यात छापलेलं साल बहुतेक वेळा कंपनीच्या स्थापनेचं असतं. ते भांड्याचं वय समजून कित्येक नवी भांडी दोन-अडीचशे वर्षांची म्हणून मांडली जातात. ब्रिटिश भांड्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या (तिरप्या चौकोनाच्या) आकाराची नोंदणीखूण असेल, तर ती 1842 ते 1883 या काळातली. 1884 पासून सरळ क्रमांक आले. पण ती तारीख नक्षीच्या नोंदणीची. तीच नक्षी पुढे अनेक वर्षं निघू शकते, म्हणून नोंदणीवरून फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच ठरतं.

देशाचं नावही असंच जपून वाचायचं. अमेरिकेच्या 1890 च्या कायद्यामुळे 1891 पासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देश लिहिणं बंधनकारक झालं. जपानी मालावर आधी ‘निप्पॉन’ आणि 1921 नंतर ‘जपान’ असं येऊ लागलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल, तर भांडं दुसऱ्या महायुद्धानंतरचं आणि 1952 पर्यंतचं. मात्र देशाचं नाव नाही म्हणजे भांडं 1891 च्या आधीचं, हा निष्कर्ष चुकीचा. देशाचं नाव कागदी लेबलवर असायचं आणि लेबल निघून जायचं. शिवाय सगळा माल अमेरिकेला जात नव्हता. उलट ‘डिशवॉशर सेफ’ किंवा ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असं छापलेलं दिसलं, तर भांडं अलीकडचं, वयाचा प्रश्न तिथेच मिटतो.

माती आणि रंगकाम

पातळ कडेमागे टॉर्च धरा. प्रकाश आरपार आला तर पोर्सिलिन किंवा बोन चायना, अजिबात आला नाही तर बहुधा साधी भाजलेली माती. बोन चायनातून येणारा उजेड उबदार, दुधी असतो, कारण त्यात हाडांची राख भरपूर असते. हाडांची राख नसलेल्या कडक पोर्सिलिनचा थोडा थंड, निळसर वाटतो. जाड तळावर ही परीक्षा घेऊ नका, चांगलं पोर्सिलिनही तिथे अंधारलेलंच राहतं.

‘हाताने रंगवलेलं’ लिहिण्याआधी भिंग घ्या. छापील चित्रात रंगीत वर्तमानपत्रासारखे बारीक ठिपके दिसतात, हाताच्या कामात कुंचल्याचे फटकारे. बाह्यरेषा छापील आणि आतला रंग हाताने भरलेला, असंही पुष्कळ असतं. ते तसंच लिहा.

काचेत जास्त फसगत होते

काचेवर बहुधा शिक्काच नसतो, म्हणून इथे घाईही जास्त होते. नक्षीच्या कडांवरून बोट फिरवा. कापलेल्या काचेच्या कडा धारदार लागतात, साच्यात दाबलेल्या काचेच्या गोलसर. साच्याची जोडरेघही शोधा, पण ती नाही म्हणून काच हाताने घडवलेली ठरत नाही, कारण आगीत रेघा मिटवता येतात. तळाला, काच घडवताना धरायच्या सळईचा खडबडीत किंवा घासलेला गोल डाग असेल, तर काच हातकामाची असण्याची शक्यता मोठी, पण जुनी असेलच असं नाही. असं काम आजही होतं.

टिचकी मारून आवाज ऐकण्याची परीक्षा अपुरी आहे. शिसेयुक्त काचेचा पेला लांबवर घुमतो, पण तोंड अरुंद असलेली जाड फुलदाणी शिसेयुक्त असूनही घुमत नाही. आणि आधीच चीर असेल, तर टिचकीने ती वाढते.

अतिनील (यूव्ही) टॉर्चबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘हिरवी चमकली म्हणजे काचेत युरेनियम’ असं सगळे गृहीत धरतात. मँगनीज असलेली काचही हिरवट चमकते, फक्त मंद. 395 नॅनोमीटर तरंगलांबीच्या टॉर्चखाली युरेनियम ठळक उजळतं, मँगनीज जवळपास गप्प राहतं. 365 च्या टॉर्चखाली दोन्ही दिसतात. पिवळी-नारिंगी चमक कॅडमियमची असू शकते. आणि ती चमक काही वय सांगत नाही, युरेनियम काच आजही बनते. जांभळट झालेल्या काचेबाबतही सावध राहा. मँगनीज घालून रंगहीन केलेली काच वर्षानुवर्षं उन्हात राहून फिकट जांभळी होते, पण कृत्रिम किरणं देऊन गडद जांभळी केलेली काचही बाजारात आहे.

आणखी एक सापळा साच्यांचा. कंपनी बंद पडते, साचे विकले जातात. अमेरिकेतली हायझी ही काच कंपनी 1957 मध्ये बंद झाली आणि तिचे साचे इम्पीरियल या दुसऱ्या काच कंपनीने घेतले. म्हणून नक्षी जुळली तेवढ्यावर निर्माता लिहू नका. रंग, वजन, तळाची घासणी हेही जुळायला हवं. झीजही बघा. खरी झीज तळाच्या टेकणाऱ्या भागावर, वेड्यावाकड्या बारीक ओरखड्यांची असते. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील, तर ते सँडपेपरचे असू शकतात.

धुण्याची घाई

लेबल काढू नका. कित्येकदा निर्मात्याचं नाव फक्त त्याच लेबलावर असतं. सोनेरी कड आणि झिलईवरचा रंग डिशवॉशरमध्ये जातो. झिलईला बारीक जाळी पडली असेल, तर ब्लीच वापरू नका. ते आत मुरून झिलई सुटते. आतून धूसर झालेली काच धुऊनही स्वच्छ होत नाही, कारण तो मळ नसून काचेचीच झीज असते. तेल लावलं की ती तात्पुरती लपते. विकताना हे कधीही करू नका, आणि विकत घेताना बोटाने चाचपून बघा.

जाहिरातीत

पारदर्शक काचेचा एक फोटो काळ्या पार्श्वभूमीवर आणि एक उजेडासमोर काढा. पुसट कोरलेली सही तिरक्या प्रकाशात दिसते. टवका, चीर आणि दुरुस्ती यांचे जवळून फोटो घ्या. दुरुस्त केलेला भाग अतिनील टॉर्चखाली बऱ्याचदा वेगळा चमकतो. उंची, तोंडाचा आणि तळाचा व्यास, वजन हे सगळं मोजून लिहा, कारण नक्षीचं नाव माहीत नसलं तरी जाणकार या मापांवरून वस्तू ओळखतात.

किंमत ठरवताना विक्रेते काय मागतात ते बघू नका, वस्तू प्रत्यक्षात किती रुपयांना किंवा डॉलर्सना विकली गेली ते बघा. मागितलेल्या किमतीला कोणतीच मर्यादा नसते.

‘अमुकच्या शैलीतील’ आणि ‘अमुकने बनवलेलं’ यांतला फरक पाळा. नाव सापडलं नाही, तर ‘निर्माता अज्ञात’ लिहा आणि पाहिलेलं सगळं नोंदवा: दाबलेली काच, फिकट हिरवा रंग, तळाला जोडरेघ, कडेला एक टवका. जुन्या रंगांत आणि झिलईत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, म्हणून चाचणी केल्याशिवाय ‘खाण्यापिण्यासाठी सुरक्षित’ असं जाहिरातीत लिहू नका. फक्त सजावटीसाठी, असं स्पष्ट नमूद करा.