धान्य बँकेची खोली मांडताना या चुका टाळा

गरजू घरांना दरमहा धान्य वाटणारी धान्य बँक काढायची ठरली की मंडळी पहिल्यांदा रॅकची कोटेशनं मागवतात. मग मोबाइलवर परदेशातल्या फूड बँकांचे फोटो दाखवतात, छताला भिडलेले रॅक वगैरे. अहो, अमेरिकेत फूड बँक म्हणजे मुळात गोदाम. १९६७ साली फिनिक्समध्ये सुरू झालेली सेंट मेरीज ही जगातली पहिली मानतात. अशा गोदामातून माल छोट्या वाटप केंद्रांना जातो आणि लोक सहसा त्या केंद्रांत येतात. आपल्याकडे साठवण आणि वाटप दोन्ही समाजमंदिराच्या एकाच खोलीत उरकायचं असतं.

जरा हिशेब करा. शंभर घरांना महिन्याला दहा किलो म्हणजे एक टन, पन्नास किलोचे वीस कट्टे. पाच-पाचच्या चार थप्प्या कोपऱ्यात आरामात बसतात. उरलेली खोली माणसांची. पण होतं उलटंच: धान्य ऐसपैस आत आणि माणसं उन्हात.

शटरच्या तोंडाशी टेबल लावणं, ही माझ्या डोक्यात जाणारी चूक. पुण्याच्या एका उपनगरात असंच मांडलं होतं. मागे फ्लेक्स, पुढे टेबल आणि रांग थेट रिक्षा स्टँडपर्यंत. एक बाई दर वेळी समोरच्या मेडिकलपाशी पिशवीची घडी काखेत दाबून उभ्या राहायच्या. ज्या सोसायटीत त्या पोळ्या करायच्या, तिथल्या गाड्या त्याच रस्त्याने जायच्या. रांग ओसरली की त्या यायच्या, तोवर तूरडाळ संपलेली असायची. कार्यकर्त्यांचं म्हणणं, ‘त्यांना वेळ पाळायला नको का?’

आम्ही शटर अर्धं ओढून घेतलं, बाजूचं दार उघडलं, आत भिंतीशी तीन बाकं टाकली आणि टोकनवर अर्ध्या-अर्ध्या तासाची वेळ लिहायला लागलो. डाळ-तांदूळ ठरलेल्या मापाने, पण गहू की ज्वारी हे ज्याचं त्याने सांगायचं. एका बाकाशेजारी चहाचा थर्मास. त्या बाई दुसऱ्याच महिन्यात सकाळच्या टोकनला आल्या, बाकावर टेकल्या आणि शेजारणीशी रेशनकार्डात सुनेचं नाव घालण्याबद्दल बोलत बसल्या. अशा गप्पांतूनच कुणाचं काय अडलंय ते कळतं. त्यासाठी छापलेले सर्व्हे फॉर्म कोरेच राहिले होते. कमिटीची तक्रार मात्र आलीच: ‘रस्त्यावरून आपलं काम दिसत नाही.’ दिसू नयेच.

दुसरी चूक पावसाळ्यात कळते. कट्टे भिंतीला टेकवून, थेट लादीवर. जुलैत भिंत ओल धरते, खालच्या कट्ट्याला कुबट वास सुटतो आणि तो वरच्यांच्या ओझ्याखाली असल्याने कुणी बघत नाही. मी कुठल्याही खोलीत आधी बादलीभर पाणी ओततो. उतार कुठे आहे आणि पाणी कुठे साचतं ते तिथेच समजतं. मग खडूने थप्प्या आखतो: खाली लाकडी पॅलेट आणि भिंतीपासून इतकी जागा की माणूस अंग तिरकं करून मागे शिरेल आणि झाडू मारू शकेल. ‘तेवढ्यात अजून चार कट्टे बसले असते’ असं म्हणणारा प्रत्येक ठिकाणी भेटतो. त्याला मागे घुशीचं बीळ शोधायला पाठवावं.

नवा माल जुन्याच्या पुढ्यात रचू नका. जुना मागे राहतो आणि त्यात पोरकिडे होतात. कट्ट्यावर मार्करने तारीख घाला. ॲप नंतर काढा.

किडीसाठी सल्फासच्या गोळ्या लोक बसतात त्या खोलीत? अजिबात नाही. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणसाचाही जीव घेतो. गव्हाला ऊन द्या. तांदळाला नको, तो तडकतो.

लग्नातलं उरलेलं जेवण याच टेबलावर घेऊ नका. शिजलेल्या अन्नात ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. त्याचं काम, भांडी आणि जागा वेगळी.

वजनकाट्याचा आकडा घेणाऱ्याला दिसू द्या.

टेम्पो येण्याची आणि वाटपाची वेळ एक ठेवू नका. हमालांच्या पायात पोरं येतात.

आणि संडासाची किल्ली. ती नेहमी अध्यक्षांच्या खिशात असते आणि अध्यक्ष गावाला. दाराशेजारी खिळा ठोका, तिथे अडकवा.