अर्धं मिनिट तर नमस्कारातच गेलं

‘व्यासपीठावर विराजमान आदरणीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग, निःपक्षपाती परीक्षक, वेळेचं भान ठेवणारे वेळाधिकारी आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, आज मी आपल्यासमोर जे दोन शब्द सांगणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्याल अशी नम्र विनंती.’

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या शाळांत मी मराठी शिकवली आणि वक्तृत्व स्पर्धांना मुलं नेली, त्याला आता तीस वर्षं झाली. एकदा हे वाक्य घड्याळ लावून मोजलं. नीट श्वास घेऊन म्हटलं तर अर्धं मिनिट जातं, आणि स्पर्धा असते पाच मिनिटांची. तोवर मागच्या रांगेतली पोरं पायाने चपला शोधायला लागलेली असतात.

म्हणून पहिलं काम, हे वाक्य काढून टाका. ‘परीक्षकांना आणि तुम्हा सगळ्यांना नमस्कार’ एवढं पुरतं. गावच्या कार्यक्रमात मात्र जपून. तिथे सरपंचांचं किंवा देवस्थानच्या अध्यक्षांचं नाव राहिलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. अशा वेळी सूत्रसंचालकाला आधीच गाठायचं आणि सगळी नावं त्याला घ्यायला लावायची. मग आपण ‘व्यासपीठावरच्या सर्वांना नमस्कार’ म्हणायला मोकळे.

आता सुरुवात कशाने करायची? माझं उत्तर ठरलेलं आहे. विषयाची व्याख्या नको, सुविचार नको, आपल्या डोळ्यांसमोरची एक वस्तू घ्या.

सातवीतली एक मुलगी ‘पाणी वाचवा’ हा विषय घेऊन आली होती. पहिलं वाक्य अर्थातच ‘पाणी म्हणजे जीवन’. मी वही मिटली आणि विचारलं, ‘तुमच्या घरी नळाला पाणी कधी येतं गो?’

‘पहाटे, टीचर. पण नक्की वेळ नसते.’

‘मग कळतं कसं?’

‘आई रात्री नळ उघडाच ठेवते आणि खाली रिकामी कळशी. पाणी आलं की कळशीत आवाज होतो, मग आई उठते.’

मी म्हटलं, हेच बोल. तिने स्पर्धेत असं सुरू केलं : ‘आमच्या घरी गजराचं घड्याळ नाही. नळाखाली रिकामी कळशी आहे.’ आणि थांबली. ते थांबणं मी तिच्याकडून आठ दिवस घोटून घेतलं होतं, कारण मुलांना गप्प राहायची भयंकर भीती वाटते. मनात तीन आकडे मोजायचे, मग पुढचं वाक्य. सभागृहातला पंखा ऐकू येत होता. त्यानंतर ती म्हणाली, ‘ज्या दिवशी कळशी वाजत नाही, त्या दिवशी आईला जाग येते ती उन्हाने.’ इथून पाणीटंचाईवर जायला पूल बांधावा लागत नाही. सुरुवात आणि विषय यांत असं एका वाक्याचंच अंतर हवं. पाच वाक्यं समजावून सांगावं लागत असेल, तर ती सुरुवात कितीही छान असली तरी सोडून द्या.

इतिहासाच्या विषयाला वस्तू सापडत नाही, असं मुलं म्हणतात. मग आकडा घ्या, पण तो समोरच्यांच्या अंगाला बसेल असा. गोवा मुक्तिदिनाच्या भाषणात ‘साडेचारशे वर्षांची गुलामगिरी’ हमखास येते. एवढी वर्षं कुणाच्या डोळ्यांसमोर उभी राहतात? नववीच्या वर्गासमोर बोलायचं असेल तर असं सांगा : ‘१५ ऑगस्ट १९४७ला जन्मलेलं गोव्यातलं मूल १९ डिसेंबर १९६१ला चौदा वर्षांचं होतं. म्हणजे तुमच्याएवढं. तोवर ते पोर्तुगिजांच्या राज्यात वाढत होतं.’ लगेच माना वर होतात. प्रत्येकजण मनातल्या मनात आपलं वय ताडून बघतो.

विवेकानंदांचं नाव काढून ‘बंधू आणि भगिनींनो’चं समर्थन करणारे पालकही भेटतात. ११ सप्टेंबर १८९३ला शिकागोत ते संबोधन कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, म्हणून टाळ्या पडल्या. आपल्याकडे ते दर भाषणात असतं. आणि खरं तर त्यांनी भगिनींना आधी म्हटलं होतं, पण ते राहू दे.

विनोदाने सुरुवात करावी का? माझी फजिती ऐका. एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी मास्तर आणि उंदराने कुरतडलेल्या वहीचा विनोद तयार ठेवला होता. माझ्या आधीचे वक्ते बोलत असताना मी बाहेर चहा घेत होते. आत आले, माइकसमोर उभी राहिले, विनोद सांगितला. लोक पोट धरधरून हसले, पण भलत्याच ठिकाणी, उंदीर यायच्या आधीच. आधीच्या वक्त्याने दहा मिनिटांपूर्वी तोच सांगितला होता. तेव्हापासून माझी पाळी येईपर्यंत मी खुर्ची सोडत नाही, आणि सुरुवात नेहमी एक जादा तयार ठेवते. आधीच्यांचंच एखादं वाक्य उचलून तिथून सुरू करता आलं, तर त्यासारखं दुसरं काही नाही. लोकांना कळतं की हा माणूस इथेच बसून ऐकत होता.

बाकी थोडक्यात. पहिली तीन वाक्यं झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी पाठ हवीत, पुढचे नुसते मुद्दे चालतात. ही वाक्यं लिहायची मात्र भाषण पुरं झाल्यावर. माइकवर टकटक नको, फुंकर नको. उंची आधीच्या माणसाची असते, ती आपल्यापुरती करून घ्या, लोक थांबतात. नजर शेवटच्या रांगेवर ठेवा. ‘मी काही वक्ता नाही’ हे सांगू नका, ते पाच मिनिटांत कळेलच.

आणि पावसाळ्यात बोलायचं असेल तर वीज जाणार हे धरूनच चला. माइक बंद पडला तर त्याच्याकडे बघत उभं राहायचं नाही. दोन पावलं पुढे यायचं, पत्र्यावरच्या पावसापेक्षा आवाज थोडा वर काढायचा, आणि पहिलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं.