सांबा सर्व्हर लावताना ७७७ नं मला कसं फसवलं

बीसीए संपवून मी जळगावच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या ऑफिसात लागलो. तेव्हा धरणगावहून अपडाऊन करायचो. सुरत लाईनची पॅसेंजर चुकली की एसटी. काम ठरलं होतं बिलिंगचं, पण कॉम्प्युटर शिकलेला पोरगा आलाय म्हटल्यावर नेटवर्कही माझ्याकडे आलं. विंडोज १० ची तीन मशीनं, एक विंडोज ७, पोत्यांवरच्या छपाईचं डिझाईन करणाऱ्या ताईंचा मॅक, माझा उबुंटूचा लॅपटॉप आणि गेटजवळ वजनकाट्याला जोडलेलं जुनं एक्सपी. प्रिंटर दोन, एक लेझर आणि एक बिलांचा डॉट मॅट्रिक्स. फाईली पेनड्राईव्हवरून फिरायच्या, तूर खरेदीची एकच यादी चार मशीनवर चार आकडे दाखवायची. शेठजी म्हणाले, "सगळं एका जागी आण."

म्हणून सांबा लावायचं ठरलं, म्हणजे लिनक्स मशीनवरचा फोल्डर नेटवर्कवरून विंडोजला वापरू देणारं सॉफ्टवेअर. ते कसं टाकायचं, कॉन्फिग फाईलमध्ये शेअरचा कप्पा कसा लिहायचा, सर्व्हिस रिस्टार्ट कशी करायची, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी जिथं अडकलो तिथलं सांगतो. (कमांड आणि सेटिंगची नावं इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाईलमध्ये ती इंग्रजीतच लिहायची.)

पहिल्या संध्याकाळी शेअर (सगळ्यांसाठी नेटवर्कवर ठेवलेला फोल्डर) दिसला, पण त्यात लिहिता येईना. ज्यांच्याकडून मी शिकत होतो त्या दादांना फोन केला. ते म्हणाले, "गेस्ट चालू कर, फोल्डरला सीएचमॉड ७७७ मार, जेवायला जा." गेस्ट म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश. सीएचमॉड ही लिनक्सवर परवानगी बदलायची कमांड, आणि ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा. मी तसंच केलं. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर फोल्डर उघडला, फाईली टाकता आल्या. शेठजींनी पाठ थोपटली. मला वाटलं, झालं.

आठवड्याभरात दादांनीच सांगितलं म्हणून प्रत्येकाला वेगळं युजरनेम दिलं आणि तिथून दुखणं सुरू झालं. सकाळी मुनीमकाकांचा आवाज यायचा, "काय व्हयनं रे भाऊ, यादी फक्त वाचता येतेय!" मी पुन्हा सगळ्या फोल्डरवर ७७७ मारायचो. चालायचं. दुपारी बिलिंगच्या ताईंची तीच तक्रार. पुन्हा ७७७. शेवटी रात्री नऊला आपोआप ७७७ मारणारा क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) लावला. मग दर तासाला. मग दर पंधरा मिनिटांनी. असे सहा आठवडे काढले.

आता हे नीट समजून घ्या, कारण मला कोणीच समजावलं नव्हतं. सीएचमॉड फक्त त्या क्षणी असलेल्या फाईलींना लागू होतो. उद्या जन्मणाऱ्या फाईलीला तुमच्या ७७७ चा पत्ताच नसतो. विंडोजवरून नवी फाईल तयार झाली की तिची परवानगी सांबा ठरवतो, आणि क्रिएट मास्क नावाची सेटिंग तुम्ही लिहिली नसेल तर तिची मूळ किंमत ०७४४ असते. म्हणजे करणाऱ्याला सगळं, बाकीच्यांना फक्त वाचायला. नव्या फोल्डरांसाठी डिरेक्टरी मास्क, मूळ किंमत ०७५५. मुनीमकाकांनी ‘फेब्रुवारी’ नावाचा फोल्डर केला की त्यात ताईंना काही ठेवता येणार नाही, बाहेरच्या फोल्डरवर तुम्ही काहीही मारलेलं असो.

पण मग जुन्या फाईलीही का कुलूपबंद व्हायच्या? कालच तर ७७७ केल्या होत्या! यानं मला रात्र रात्र जागवलं. उत्तर एक्सेलच्या सेव्हमध्ये आहे. तुम्ही सेव्ह दाबता तेव्हा एक्सेल त्याच फाईलीत लिहीत बसत नाही. शेजारी विचित्र नावाची तात्पुरती फाईल तयार करतं, सगळं त्यात लिहितं, जुनी काढून टाकतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. नाव तेच, पण फाईल नवी. मालक बदलला, परवानगी पुन्हा ०७४४. ताईंनी यादी सेव्ह केली की ती ताईंची झाली आणि काकांना फक्त वाचायला उरली. वर्डही असंच करतं. साध्या नोटपॅडच्या फाईलीला हे होत नाही, म्हणून नोटपॅडवर चाचणी घेणाऱ्याला सगळं उत्तम दिसतं. मी चाचणी नोटपॅडवरच घेत होतो.

दुसरी गोष्ट, कुलपं दोन असतात. सांबाच्या कॉन्फिगमध्ये ‘रीड ओन्ली = नो’ लिहिणं म्हणजे मिलच्या गेटवर वॉचमननं सोडणं. गोदामाचं कुलूप लिनक्सच्या फाईल सिस्टिमवर असतं आणि ते वेगळं उघडावं लागतं. दोन्हींपैकी जे कडक असेल तेच चालतं. वरच्या प्रत्येक फोल्डरमधून आत जायची परवानगीही लागते; ‘नेमआय -एल’ ही कमांड पूर्ण रस्ता एकेक पायरी दाखवते. अडलात की आधी ती चालवा.

७७७ चा खरा फटका पुढे बसला. तुरीचा हंगाम, गेटवर गाड्यांची रांग. मी घाईत हातानंच कमांड मारली आणि तिरक्या रेघेनंतर एक स्पेस पडली. कमांड शेअरवर चालायची ती मुळापासून अख्ख्या सिस्टिमवर चालली. फाईली काढून टाकणारी आरएम कमांड मुळावर चालवायला निघालात तर ती अडवते, सीएचमॉड मात्र आपणहून अडवत नाही. अ‍ॅडमिनच्या हक्कानं कमांड चालवणारं सुडो बंद पडलं, कारण त्याला लागणारा सेटयूआयडी बिट (प्रोग्रामला मालकाच्या हक्कानं चालू देणारी खूण) पुसला गेला होता. सगळ्यांना उघड्या पडलेल्या किल्ल्या एसएसएचनं (दुरून लॉगिन करायची सोय) नाकारल्या. डेटा वेगळ्या डिस्कवर होता म्हणून वाचला. बाकी सगळं नव्यानं टाकलं, रात्री दीडपर्यंत. घरी फोन करून सांगताना रडू आलं होतं, ते अजून आठवतं.

आणि गेस्टच्या काळात गाड्यांच्या पावत्यांचा एक फोल्डर नाहीसा झाला होता. कोणी काढला? प्रत्येक फाईलीचा मालक ‘नोबडी’. कोणावर बोट ठेवणार? संशय मात्र सगळ्यांत गरीब माणसावर गेला, काट्यावरच्या पोरावर. सगळ्यांना सगळं उघडं टाकणं ही माझ्या मते सोय नाही, ते प्रामाणिक माणसावर अन्याय करणं आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून साइनिंग (प्रत्येक निरोपावर डिजिटल सही) सक्तीचं झालंय आणि गेस्टला साइनिंग जमत नाही, त्यामुळे ती वाट तशीही बंद होत चाललीय.

नीट रस्ता असा. ‘हिशेब’ नावाचा एक ग्रुप करा, त्यात यादी वापरणाऱ्या सगळ्यांना घाला. प्रत्येकाला ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ नं सांबाचा पासवर्ड द्या. तो लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा साठवला जातो, एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. सगळ्या फोल्डरांचा ग्रुप ‘हिशेब’ करा. फोल्डरांना २७७० आणि फाईलींना ०६६०, हे फाइंड वापरून वेगवेगळं द्या, सरसकट नको. २७७० मधला पहिला २ म्हणजे सेटजीआयडी, त्या फोल्डरात जे जन्मेल ते त्याच ग्रुपचं होतं. मग शेअरच्या कप्प्यात चार ओळी: व्हॅलिड युजर्समध्ये ग्रुप, फोर्स ग्रुपमध्ये तोच ग्रुप, क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७०. कॉन्फिगमधल्या चुका दाखवणारं ‘टेस्टपार्म’ चालवा, रिस्टार्ट करा. माझे सहा आठवडे या चार ओळींसाठी गेले. सोबत व्हीएफएसमधलं (सांबाला जोडायची जादा मॉड्यूलं) ‘रिसायकल’ लावा, काढलेली फाईल बाजूला राहते. तो बॅकअप नव्हे. बॅकअप वेगळ्या डिस्कवर आणि ती डिस्क ऑफिसबाहेर.

चाचणी घेताना विंडोज आणखी एक चकवा देतं. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडू देत नाही, १२१९ क्रमांकाची चूक दाखवतं. तुम्ही पासवर्ड बदलत बसता, आणि जुनी जोडणी तशीच असते. ‘नेट यूज’ नं सगळ्या जोडण्या तोडा किंवा लॉगआउट करा. सर्व्हर ‘नेटवर्क’मध्ये दिसत नसला तर घाबरू नका. ती जुनी यादी एसएमबी १ वर चालायची, म्हणजे विंडोज ज्या प्रोटोकॉलनं फाईली शेअर करतं त्याच्या पहिल्या आवृत्तीवर. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पक्का करा आणि थेट त्या पत्त्यानं ड्राईव्ह मॅप करा.

एसएमबी १ वरून आठवलं. वजनकाट्याच्या एक्सपीला त्याच्यापलीकडचं काही येत नाही. ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ खाली आणून एनटी १ (म्हणजे एसएमबी १) कर, असा सल्ला मला दोघांनी दिला. करू नका. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरस याच एसएमबी १ मधल्या भोकातून पसरलं. सांबानंही २०१९ मध्ये ४.११ पासून ते मुळातच बंद ठेवलंय. एका काट्यासाठी सगळ्या ऑफिसचं दार उघडू नका. आम्ही ते मशीन नेटवर्कबाहेर काढलं, पावती तिथंच छापतो, दिवसाची यादी संध्याकाळी पेनड्राईव्हनं येते. विंडोज ७ ला एसएमबी २ येतं, त्याची काळजी नको. मॅकसाठी ‘फ्रूट’ नावाचं व्हीएफएस लावा, त्याच्या जोडीला ‘स्ट्रीम्स_एक्सअ‍ॅट्र’ही लागतं.

प्रिंटर. लेझर सीयूपीएसमध्ये (लिनक्सची छपाईची व्यवस्था) जोडा आणि प्रत्येक विंडोजवर ड्रायव्हर हातानं टाका. सर्व्हरवरून ड्रायव्हर आपोआप उतरवायची हौस सोडा. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईत सापडलेल्या प्रिंटनाइटमेअर या भोकानंतर त्याला अ‍ॅडमिनचे हक्क लागतात आणि साध्या युजरला तिथंच अडायला होतं. डॉट मॅट्रिक्सला ‘रॉ’ रांग (आलेलं जसंच्या तसं प्रिंटरला पाठवणारी) द्या, विंडोजवर ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर. नाहीतर कार्बनच्या बिलावरचं प्रत्येक अक्षर चित्र म्हणून छापलं जातं आणि ट्रकवाला वाट बघत बसतो. सांबाच्या स्पूल फोल्डरला (छपाईची कामं थांबतात तो) मात्र १७७७ हवंच. पुढच्या १ मुळे ज्यानं काम पाठवलं त्यालाच ते काढता येतं. ७७७ आणि १७७७ मधला हा एक आकडा त्या दिवशी मला पहिल्यांदा कळला.

शॉर्टकट देणाऱ्या दादांवर माझा राग नाही, त्यांनी वेळ दिला. पण शिकवणारा निवडायचा असेल तर उत्तर सांगणारा नको, लॉग (सर्व्हरनं स्वतः लिहिलेली नोंद) मोठ्यानं वाचायला लावणारा हवा. मला तसे भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी भेटले. ते फोनवर एवढंच म्हणायचे, "लॉग काय म्हणतो ते वाच." सांबा लिहिणारा अँड्र्यू ट्रिजेल कॅनबेराला शिकत असताना तारेवरून जाणारी पॅकेटं बघून एसएमबी प्रोटोकॉल समजून घेत गेला, हेही त्यांनीच सांगितलं. व्हिडिओतल्या जुन्या कॉन्फिग उचलू नका. कित्येकांत अजून ‘सिक्युरिटी = शेअर’ लिहिलेलं सापडतं, जे सांबा ४ मधून कधीच काढून टाकलंय. तुम्हाला पहिल्या महिन्यात हे सगळं कळलं नाही तर तुम्ही कच्चे आहात असं समजू नका. मलाही कळलं नव्हतं.

आणि सर्व्हर मशीनघराच्या भिंतीला लावून ठेवू नका. टरफलांची धूळ आणि जळगावचा मे महिना त्याला सोसत नाही. यूपीएस हवाच.

आता नवं काही लावलं की मी ‘झालं’ म्हणण्याआधी एकच चाचणी घेतो. मुनीमकाका एक्सेलची नवी फाईल करतात, नव्या फोल्डरात ठेवतात. ताई ती उघडून एक आकडा बदलून सेव्ह करतात आणि बंद करतात. मग काका पुन्हा उघडतात, दुसरा आकडा बदलतात, सेव्ह करतात. तिसऱ्या सेव्हला ‘रीड ओन्ली’ आलं नाही, की मी धरणगावची गाडी पकडतो.