जुन्या मोटारीचा रंग उतरवताना पत्रा कसा जपावा

जतन करण्याजोग्या जुन्या मोटारीला नवा रंग द्यायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष आधी रंगाची छटा आणि तकाकी यांकडे जाते. प्रत्यक्षात नवा रंग किती वर्षे टिकणार हे खालच्या पत्र्यावर ठरते, आणि त्या पत्र्याचे सर्वाधिक नुकसान जुना रंग काढतानाच होते. अनेक जुन्या मॉडेलांचे दरवाजे, मडगार्ड आणि बॉनेट तयार होणे केव्हाच थांबले आहे. त्यामुळे रंग काढण्याची कोणतीही पद्धत निवडताना ती किती वेगाने काम करते यापेक्षा पत्र्याला ती कितपत मानवते, हे आधी पाहावे.

रंग मुळापासून काढण्याची गरज आहे का, हा पहिला प्रश्न आहे. रंगाने पत्रा घट्ट धरलेला असेल, तडे, फुगे किंवा पोपडे नसतील आणि थर फार जाड नसतील, तर तो नीट घासून त्यावरच पुढचे थर देणे अधिक शहाणपणाचे ठरते. कारखान्यातून निघालेल्या मोटारीवर रंगाची एकूण जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असते. जाडी मोजण्याच्या यंत्रावर आकडा ३०० च्या वर गेला तर मोटार पुन्हा रंगवलेली आहे असे धरावे आणि १००० ओलांडला तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याचा लगदा, भरलेली असण्याचीच शक्यता जास्त. यंत्र नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पोलादी पत्र्यावरून फिरवावे. जिथे त्याची पकड ढिली पडते, तिथे खाली लांबी आहे.

याहून बोलकी एक चाचणी आहे. सहज नजरेत न येणाऱ्या, पण रंगाचे सर्व थर असलेल्या जागी, अंगठ्याच्या नखाएवढ्या भागावर ३२० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून हलक्या हाताने गोल फिरवावा. थर एकेक करून वलयांसारखे उघडे पडतात: बाहेर आजचा रंग, त्याच्या आत करडा प्रायमर, मग भलत्याच छटेचा एखादा जुना रंग, त्याखाली तांबूस अस्तर आणि मध्यभागी पत्र्याची चमक. अशी पाच-सहा वलये दिसली तर एवढ्या थरांवर आणखी भार न टाकता सगळे उतरवणेच योग्य. पांढऱ्या कापडावर थोडे सेल्युलोज थिनर घेऊन रंगावर चोळल्यास आणखी एक गोष्ट कळते. रंग विरघळून कापडावर उतरला तर तो लॅकर प्रकारचा आहे, आणि नव्या रंगातील तीव्र द्रावके त्याला खालून उचलून सुरकुत्या पाडू शकतात.

काम सुरू करण्यापूर्वी क्रोमच्या पट्ट्या, दिवे, रबर आणि बोधचिन्हे काढून ठेवावीत, चॅसिस क्रमांकाची जागा झाकून घ्यावी आणि प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत. डॅशबोर्डखाली किंवा एखाद्या पट्टीमागे मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा तसाच राहू द्यावा. छटा जुळवण्यासाठी तो उपयोगी पडतोच. शिवाय मोटार कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली याचा तेवढाच अस्सल पुरावा उरतो, आणि तो खरवडून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही असे मला मनापासून वाटते.

जुन्या रंगात आणि अस्तरात शिसे व क्रोमेटयुक्त रंगद्रव्ये असणे अगदी सामान्य होते, आणि कित्येक मोटारींचे सांधे तर शिशाच्या मिश्रधातूने भरलेले असत. म्हणून कोरडे घासताना उडणारी धूळ विषारी आहे असेच गृहीत धरावे. कापडी मास्क पुरेसा नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, पी १०० किंवा पी ३ दर्जाच्या फिल्टरचा मास्क हवा. यंत्राला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडावा, जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी आणि कामाचे कपडे घरातल्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. लहान मुले त्या जागेकडे फिरकणार नाहीत याची काळजी घ्यावी.

उघड्या, सपाट पोलादी भागांसाठी रासायनिक पेंट रिमूव्हर पत्र्याला सर्वांत कमी त्रास देतो, कारण त्यात उष्णताही नसते आणि मारही नसतो. मात्र डब्यावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय झाकण उघडू नये. पूर्वीचे झटपट काम करणारे रिमूव्हर मेथिलीन क्लोराइडचे असत. बंदिस्त जागेत त्याची वाफ जिवावर बेतते, आणि साध्या कार्बन फिल्टरच्या मास्कवरही तिथे विसंबता येत नाही. अमेरिकेने रंग काढण्यासाठी त्याची ग्राहकांना होणारी विक्री २०१९ मध्ये बंद केली. युरोपीय संघाने ती त्याच्या बऱ्याच आधी थांबवली होती. बेंझिल अल्कोहोलवर आधारित रिमूव्हर सावकाश काम करतात, पण घरच्या कामासाठी तेच निवडावेत. पातळ नायट्राइलच्या हातमोज्यांवर भिस्त न ठेवता डब्यावर सांगितलेल्या प्रकारचे जाड हातमोजे आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा वापरावा.

रिमूव्हर लावण्यापूर्वी ४० किंवा ८० नंबरच्या पेपरने रंगावर आडवे-उभे ओरखडे पाडावेत, म्हणजे द्रावण आत उतरते. दरवाजांच्या फटी, दुमडलेल्या कडा आणि सांधे ॲल्युमिनियमच्या टेपने बंद करावेत आणि कडेपासून दोन सेंटिमीटरचा पट्टा रिकामा सोडावा. हा पट्टा नंतर हाताने घासून काढता येतो. दुमडीत शिरलेले रिमूव्हर मात्र कशानेही पूर्ण निघत नाही, आणि काही महिन्यांनी नेमके तिथूनच झिरपून नव्या रंगाला फोड आणते. सावलीत काम करावे. जाड थर एकाच दिशेने ब्रशने पसरावा आणि पुन्हा त्यावर ब्रश फिरवू नये, कारण वर धरणारी मेणाची साय मोडली की द्रावक उडून जातो. वर पातळ प्लास्टिक अंथरले तर तो अधिक वेळ ओला राहतो. थोड्या वेळाने रंग आकसून सुरकुततो आणि पत्र्यापासून सुटून उभा राहतो. तेव्हा कोपरे घासून गोल केलेल्या खरवडण्याच्या पत्रीने, शक्यतो प्लास्टिकच्या, तो ढकलून काढावा. जोर लावावा लागत असेल तर वेळ अजून झालेली नाही. दोन-तीन हात लागणे स्वाभाविक आहे. शेवटी डब्यावरील सूचनेप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने उरलेले रसायन पूर्ण धुऊन काढावे. जिथे जुनी लांबी आहे तिथे रिमूव्हर लावू नये. ती ते शोषून घेते. तशी जागा यांत्रिक पद्धतीने पत्र्यापर्यंत उघडी करावी.

कडा, वळणे आणि उरलेले डाग यांच्यासाठी ड्युअल-ॲक्शन सँडर (गोल फिरता फिरता डोलणारे घासण्याचे यंत्र) आणि ८० नंबरचा पेपर पुरेसा असतो. ग्राइंडरवर ३६ नंबरची चकती लावण्याचा मोह टाळावा: ती पत्रा कोरते, आणि एका जागी क्षणभर जास्त थांबली तरी उष्णतेने पत्रा फुगून वेडावाकडा होतो. सँडर सतत फिरता ठेवावा आणि अधूनमधून हाताची मागची बाजू पत्र्याला लावून पाहावी. हात ठेवणे असह्य झाले तर तो भाग सोडून दुसरीकडे वळावे. बॉनेटच्या धारेवर किंवा मडगार्डच्या उठावावर यंत्र चालवू नये, तिथे हातानेच घासावे.

हीट गन मोटारीच्या पत्र्यावर वापरूच नये. मोठ्या सपाट भागाला तिची आच लागली की पत्रा सुटतो, म्हणजे बोटाने दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर होतो. शिवाय शिसे-कथिलाचे सांधे सुमारे १८३ अंश सेल्सिअसलाच मऊ होऊ लागतात.

वाळूचा मारा, म्हणजे हवेच्या दाबाने कण फेकून रंग उडवणे, ही पद्धत चॅसिस आणि जाड ब्रॅकेटसाठी ठीक आहे, पण तिथेही सिलिकायुक्त वाळू वापरू नये, कारण तिच्या धुळीने फुफ्फुसांचा सिलिकोसिस होतो. बॉनेट, छप्पर, दरवाजे यांच्यावर कणांच्या आघाताने पत्र्याची एक बाजू ताणली जाते आणि तो वाकतो, मग दाब कमी ठेवला असला तरी धोका राहतो. बाहेरच्या भागांसाठी प्लास्टिकचे कण किंवा सोडा यांचा मारा सौम्य असतो. सोड्यानंतर अवशेष काळजीपूर्वक धुऊन पत्रा पुन्हा घासावा लागतो, नाहीतर प्रायमर धरत नाही. संपूर्ण सांगाडा रसायनात बुडवून घेणे प्रभावी आहे खरे, पण पोकळ भागांत अडकलेले द्रव बाहेर काढून त्यांना आतून संरक्षक थर देण्याची हमी असेल तरच तो मार्ग घ्यावा.

ॲल्युमिनियमच्या भागांवर कॉस्टिक (तीव्र अल्कलीयुक्त) रिमूव्हर चालत नाही; तो धातूच खातो. पोलादी तारांचा ब्रशही तिथे वापरू नये, कारण रुतलेल्या लोखंडी कणांभोवती पुढे क्षरण सुरू होते. फायबर ग्लासच्या बॉडीवर साधा रिमूव्हर जेलकोट, म्हणजे तिचा वरचा गुळगुळीत थर, मऊ करतो, म्हणून तिथे धीराने घासणे हाच मार्ग आहे.

एका दिवसात प्रायमर देता येईल एवढाच भाग एका वेळी उघडा करावा. उघडे पोलाद दमट हवेत काही तासांतच लालसर पडू लागते. ज्या जागी गंजाने खड्डे पाडले आहेत तिथला गंज मुळापर्यंत काढावा, चाळण झालेला पत्रा कापून नवा जोडावा, आणि मगच पुढे जावे. स्वच्छ पत्र्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. ८० ते १८० नंबरच्या पेपरने एकसारखे घासून धूळ उडवून टाकावी. नंतर एका कापडाने मेण व तेल काढणारे द्रावण लावून ते वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसावे, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा हात द्यावा. लांबी भरायची असल्यास ती या इपॉक्सीवर, सांगितलेल्या मुदतीत भरावी. खरवडलेला रंग, भिजलेली फडकी आणि रसायनाचे उरलेले अवशेष झाकणाच्या डब्यात साठवून घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावेत. ते नाल्यात किंवा मातीत टाकू नयेत.