खेड्यातलं बंद झालेलं चर्च वाचायचं कसं : इंगल्शमच्या भिंतींवरून

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या कित्येक चर्चमध्ये आता नियमित उपासना होत नाही, पण इमारतींना कायद्याचं संरक्षण आहे. अशा 350 हून अधिक चर्चची देखभाल ‘चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट’ करतो. त्यांतलं शिकायला आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते विल्टशरमधलं, लेचलेडजवळ थेम्सच्या काठावरचं इंगल्शमचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट. संरक्षणाचा दर्जा सर्वोच्च, म्हणजे ‘ग्रेड वन’. एकोणिसाव्या शतकात नूतनीकरणाच्या नावाखाली बहुतेक चर्चमधला जुना गिलावा खरवडून टाकला गेला. इथं मात्र जवळच्या केल्म्स्कॉट गावात राहणाऱ्या विल्यम मॉरिस या कवी-नक्षीकाराने लक्ष घातलं. जुन्या इमारती जशा आहेत तशा जपायच्या, हा त्याचा आग्रह होता आणि त्यासाठी त्याने 1877 मध्ये संस्थाही काढली होती. त्यामुळे 1888-89 ची दुरुस्ती इथल्या थरांना धक्का न लावता झाली.

सोबत मोजपट्टी, दुर्बीण आणि चांगली टॉर्च घ्या. दार दिसलं की लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. वेदी पूर्वेला असते, त्यामुळे दिशा चटकन लागते. पश्चिमेचा मोठा भाग म्हणजे नेव्ह, आपल्या सभामंडपासारखा. पूर्वेचा अरुंद भाग चान्सल, गाभाऱ्याच्या जागी. नेव्हच्या दोन्ही अंगांना खांबांपलीकडच्या पडव्या म्हणजे आइल. इंगल्शमला मनोरा नाही, पश्चिम टोकाला छपरावर घंटेसाठी छोटी दगडी चौकट आहे.

खिडक्यांवरून काळ ओळखता येतो. लहान आणि वर अर्धगोल असेल तर नॉर्मन काळ, साधारण बारावं शतक. उंच, अरुंद, टोकदार कमानीची लान्सेट खिडकी तेराव्या शतकातली. माथ्यावर दगडाची वेलबुट्टीसारखी वळणं दिसली तर चौदाव्याचा पूर्वार्ध. उभे दगडी दांडे सरळ वर जाऊन कमानीला भिडत असतील तर 1350 नंतरचं काम. पण खिडकीचं वय तेच भिंतीचं, असं धरलंत की हमखास फसाल. मोठ्या उजेडासाठी जुन्या भिंती फोडून नव्या खिडक्या बसवणं सर्रास चालायचं. चौकटीभोवतीची दरज पाहा : भिंतीचे थर चौकटीपाशी तुटत असतील, मधे बारीक दगडांची भर घातलेली असेल, तर खिडकी मागाहून आली.

घडीव दगडावर टॉर्च समोरून मारू नका, सगळं सपाट दिसतं. ती भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा झोत टाका, म्हणजे हत्यारांचे घाव उठून दिसतात. नॉर्मन गवंडी दगड कुऱ्हाडीने तासत, त्यामुळे तिरके, समांतर पट्टे उमटतात. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून छिन्नी रुळत गेली आणि घाव बारीक, नेटके होत गेले.

दरजा तपासताना रंग बघा. चुन्याचा मसाला फिकट, त्यात पांढऱ्या गुठळ्या. सिमेंट करडं आणि कठीण. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते. थंडीत गोठते आणि दगडाची पापुद्री सुटते. काही वर्षांनी दगड झिजून आत जातो आणि सिमेंटची दरज तेवढी कडेसारखी पुढे उरते. हे दिसलं तर दोष दगडाचा नाही, मागच्या दुरुस्तीचा आहे.

आत गेल्यावर इंगल्शमचं खरं धन भिंतींवर आहे : मध्ययुगीन चित्रं, त्यावर चुना, त्यावर सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर लिहिलेली बायबलमधली वचनं. क्रम लावायची युक्ती सोपी आहे. जिथं पापुद्रा उडालाय तिथली कड पाहा. जो रंग दुसऱ्याच्या खाली शिरतो तो जुना. काळी जाड अक्षरं आणि त्यांच्या चौकटी बहुधा वरच्या थरात, गेरूच्या तांबड्या रेघा खालच्या. पाठीवरची सॅक आधी उतरवून ठेवा. आइलमध्ये वळताना तिचा एक घासरा पुरतो. बोट लावू नका, ओला कपडा तर मुळीच नको.

दारं लावलेल्या उंच पेटीवजा बाकांमुळे खांबांचे पाय झाकले जातात, पण वाकून नक्की पाहा. खांबाच्या तळाची घडण वरच्या कमानीपेक्षा जुनी निघू शकते. मेरी आणि बाळ येशूचं इथलं शिल्प नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वीचं, म्हणजे 1066 च्या आधीचं. वरून देवाचा हात खाली आलेला दिसतो. ते पूर्वी बाहेरच्या भिंतीत होतं.

सरकारी संरक्षण यादीतली नोंद ऐतिहासिक वास्तूंचं काम पाहणाऱ्या ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते, ती सगळ्यात शेवटी वाचा. आधी वाचली तर डोळे तेवढंच शोधतात. जुन्या नोंदी इमारतीची ओळख पटवण्यापुरत्या लिहिलेल्या आहेत. एखादा कोनाडा नोंदीत नाही म्हणजे त्याला संरक्षण नाही असं नव्हे. आणि जमिनीवर गिलाव्याचा रंगीत तुकडा पडलेला दिसला तर उचलू नका. जागेचा फोटो घ्या, कुठल्या भिंतीखाली आहे ते लिहा आणि ट्रस्टला कळवा, कारण तो नेमका कुठून सुटला हे कळलं तरच परत बसवता येतो.