जपानच्या शाळेत शिकवायला जाताय? आधी शूजचा दुसरा जोड घ्या

पुणेकरांना ओकायामा हे नाव सिंहगड रस्त्यावरच्या बागेमुळे ठाऊक असतं. पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. माझी नेमणूक ओकायामा प्रांतात झाली म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांसमोर तेच तळं आणि तेच पूल. मी पोचले मात्र उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका छोट्या गावात. एक माध्यमिक शाळा, दोन प्राथमिक, एक सुपरमार्केट. हिवाळ्यात बर्फ.

माझं पद एएलटी, म्हणजे इंग्रजीच्या जपानी शिक्षकाला वर्गात साथ देणारा परदेशी शिक्षक. या कामाला दोन वाटांनी जाता येतं. एक म्हणजे 1987 पासून चालू असलेला सरकारी जेट कार्यक्रम. त्याचा अर्ज दूतावासामार्फत करायचा आणि त्यात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. दुसरी वाट शाळांना माणसं पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांची. मी दुसऱ्या वाटेने गेले. त्या वाटेने जाणाऱ्यांनी करारात एकच गोष्ट आधी बघावी: ऑगस्टच्या सुट्टीत पगार पूर्ण मिळतो का. मी बघितली नव्हती. शिवाय व्हिसासाठी माझ्याकडे बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचे दाखले मागितले गेले. शाळेचे जुने दाखले शोधताना आईने माळा उपसला. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी हा मुद्दा नोकरी सोडण्याआधी विचारून घ्यावा, नंतर नाही.

आता शूज. शाळेत शिरताच गेंकान लागतं, म्हणजे जोडे काढायची जागा. बाहेरचे जोडे कप्प्यात आणि पायात उवाबाकी, फक्त आत घालायचे बूट. जिमसाठी बऱ्याच ठिकाणी आणखी वेगळा जोड, आणि संडासात वेगळ्या स्लिपर. संडासाच्या स्लिपर घालून मी एकदा थेट सातवीच्या वर्गात गेले. मुलं हसली नाहीत, नुसती पायांकडे बघत राहिली. ते जास्त लागलं. बायकांचा पाय पंचवीस सेंटिमीटरच्या वर असेल तर गावातल्या दुकानात माप मिळणं कठीण, तेव्हा जोड घरूनच न्या.

शिकवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्राथमिकला तास पंचेचाळीस मिनिटांचा, माध्यमिकला पन्नास. काही शिक्षक तुम्हाला टेपरेकॉर्डरसारखं वापरतात: तुम्ही वाचायचं, वर्गाने मागून म्हणायचं. काही जण अख्खा तास तुमच्यावर सोडतात. परीक्षेच्या आठवड्यात तर तासच नसतात, तुम्ही नुसते टेबलाशी बसता. माझ्या मते नोकरी जमते की नाही हे या बसण्यात ठरतं.

ती जागा म्हणजे शोकुइनशित्सु, शिक्षकांची खोली. टेबलं एकमेकांना चिकटून, समोरासमोर. पुढे क्योतो-सेन्सेई, उपमुख्याध्यापक. त्यांचा दिवस सगळ्यांच्या आधी सुरू होतो आणि सगळ्यांच्या नंतर संपतो. रजेचा अर्ज त्यांच्याकडे, त्यावर तुमचा हांको, म्हणजे नावाचा शिक्का. माझा शिक्का करताना गंमत झाली. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नावही असतं, ते सगळं काताकाना लिपीत मावेना. त्यात बँकेने वडिलांचं नाव माझं म्हणून धरलं. वर्षभर खिडकीवरून बाबांच्या नावाने हाक यायची आणि मी उठायचे.

खोलीत येताना-जाताना मोठ्याने बोलायचं. आपल्याकडे गुपचूप निघणं सभ्यपणाचं वाटतं, तिथे ते तुटकपणाचं दिसतं. निघताना ‘ओसाकी नी शित्सुरेई शिमासु’ म्हणायचं, म्हणजे तुमच्या आधी निघतेय, माफ करा. उत्तर येतं ‘ओत्सुकारेसामा’, दमलात हो. पहिला महिना मी हे पुटपुटत होते. एका बाईंनी सांगितलं, ऐकू येऊ दे. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं आणि वीस माणसांनी एका सुरात उत्तर दिलं. पुढे गप्पांना वाट झाली. शहाण्या पुस्तकी जपानीपेक्षा तिथली बोली कामाला येते. ओकायामाकडे ‘खूप’ला ‘देरे’ म्हणतात. ‘देरे थंडी’ म्हटलं की जिमचे मास्तरसुद्धा कॉफी पुढे करायचे.

रजेवरून परत येताना सगळ्यांसाठी खाऊ आणायचा असतो, ओमियागे. मी पुण्याहून मोठ्या हौसेने बाकरवडी नेली. तिथे प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात हवा, म्हणजे टेबलावर ठेवता येतो. मी वेष्टन नसलेली बाकरवडी टिश्यूवर मांडत फिरले. संपली सगळी, पण पुढच्या वेळी मी एकेक वेगळ्या वेष्टनातल्या चिक्क्या नेल्या.

सर्वांत अवघड प्रकरण जेवणाचं. दुपारी क्युशोकु, शाळेचं जेवण. पांढरे अ‍ॅप्रन आणि टोप्या घातलेली मुलं वर्गात भांडी आणतात, वाढतात, आणि सगळे एकत्र ‘इतादाकिमास’ म्हणतात. सोबत 200 मिलीलिटर दूध. मी शाकाहारी. ‘निकु खात नाही’ असं सांगितलं की झालं, असं मला वाटलं होतं. निकु म्हणजे मांस, पण त्यात मासे धरत नाहीत, कधी हॅमसुद्धा नाही. आणि भाजीच्या सूपमध्येही दाशी असतो, बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. मुलांच्या लाडक्या करी-राइसच्या वड्यांतसुद्धा बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. अ‍ॅलर्जीसाठी शाळेत व्यवस्थित फॉर्म आहे. शाकाहारासाठी रकानाच नाही. शेवटी डबा न्यायची परवानगी मागितली. मुलं वाकून वाकून डबा बघायची. रोज करी खातेस का? आणि हो, 19 पर्यंतचे पाढे येतात का? भारतीयांना ते येतात असा तिथे पक्का समज आहे. मी सतराचा पाढा म्हणून दाखवला. आजी मला पावकी-निमकीही शिकवायची, ती मला आली नाही हे मी सांगितलं नाही.

जेवणानंतर सोजी, सफाई. आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये ही मुलं संतासारखी झाडू मारताना दिसतात. प्रत्यक्षात झाडूंची तलवारबाजीही चालते. पण ओळीने ओणवं होऊन ओल्या फडक्यावर हात टेकत कॉरिडॉरभर धावणारी पोरं बघण्यासारखी असतात. मीही फडकं घेतलं तेव्हा सहावीतल्या एकाने पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलून दाखवलं: ‘तिथे राहिलंय.’

घराबद्दल थोडक्यात. पत्ता बदलल्यापासून चौदा दिवसांत पालिकेत नोंदवायचा. घरभाड्यासोबत अनामत, कधी घरमालकाला परत न मिळणारी भेटीची रक्कमही द्यावी लागते. पहिला पगार उशिरा येतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांचा खर्च जवळ ठेवा. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर. तो कापला गेल्यावर मी घाबरून पगारपत्रक घेऊन क्योतो-सेन्सेईंकडे गेले होते. घरात सेंट्रल हीटिंग नाही, रॉकेलचा स्टोव्ह, तो लावून खिडकी किंचित उघडी ठेवायची. कचरा ठरलेल्या पिशवीत, ठरलेल्या वाराला, सकाळीच. माझी पहिली पिशवी लाल स्टिकर लावून दिवसभर तशीच पडली होती, सगळ्या गल्लीला दिसेल अशी.

मराठी बोलावंसं वाटलं की तोक्यो गाठावं लागायचं, शिंकानसेनने तीन तासांहून अधिक. तिथल्या एदोगावा वॉर्डात भारतीयांची मोठी वस्ती आहे. 2019 मध्ये त्याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. माझ्या शिक्षकखोलीत हे कळल्यावर दोन दिवस माझा भाव वाढला.

मार्चअखेर बदल्यांची यादी लागते. एका आठवड्यात निम्मी टेबलं रिकामी होतात, आणि एप्रिलच्या सुरुवातीला, नव्या वर्षाच्या तोंडावर, नवी माणसं येतात. मला सांभाळून घेणारे क्योतो-सेन्सेईही गेले. नव्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, मासे चालतात ना? म्हणून जेवणाचं प्रकरण मी आता जपानीत छापूनच ठेवलंय. दर एप्रिलला पहिल्या सोमवारी टेबलाटेबलावर एकेक प्रत ठेवते, चिक्कीसोबत.