फिफ्थ व्हील सुटत नसेल, तर आधी किंगपिनवरचा ताण काढावा

ट्रेलर जागेवर ठेवून हेड (पुढची इंजिनाची गाडी) मोकळे करायचे असते आणि फिफ्थ व्हीलचे, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी हेडवर असलेल्या प्लेटच्या कुलपाचे, हँडल हलत नाही, तेव्हा बहुतेक जण आधी लोखंडी पाइप शोधतात. कृपया तसे करू नये. माझ्या अनुभवात अशा वेळी कुलपाचा जबडा सहसा तुटलेला किंवा गंजलेला नसतो, तर किंगपिनच्या (ट्रेलरच्या खालची, जबड्यात अडकणारी जाड पिन) ताणाखाली दाबलेला असतो. तो ताण काढला की तेच हँडल एका हाताने बाहेर येते.

गाडी ओढली जात असते तेव्हा ट्रेलरच्या ओढीचा सगळा भार किंगपिनमार्फत त्या पिनेच्या मागे बंद झालेल्या जबड्यावर येतो. गाडी त्याच ताणात थांबली, किंवा उतारावर ट्रेलर मागे सरकू पाहत असेल, तर तो भार तसाच राहतो. म्हणून गाडी सपाट जागी, हेड आणि ट्रेलर एका सरळ रेषेत ठेवून उभी करावी. वळणात उभ्या केलेल्या गाडीत पिन एका बाजूला घासून अडकते. ट्रेलरचे ब्रेक लावावेत, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्यावेत, लँडिंग लेग (ट्रेलरच्या पुढच्या भागाला आधार देणारे पाय) जमिनीला टेकवावेत आणि मग हेड अगदी सावकाश मागे घ्यावे. पिन पुढे सरकल्याचा हलका धक्का बसताच हेडचा पार्किंग ब्रेक ओढावा आणि नंतरच खाली उतरून हँडल ओढावे. पुष्कळ बनावटींत हँडल ओढण्याआधी सुरक्षा खटका उचलावा किंवा बाजूला करावा लागतो. तो राहून गेल्यामुळे निष्कारण झटापट करणारे चालक मी पाहिले आहेत.

आपल्या खानदेशात याहून वेगळे आणि जास्त वेळा दिसणारे कारण म्हणजे काळी माती. पारोळ्याजवळच्या एका जिनिंगच्या आवारात पावसाळ्यात आमचा कापूसगाठींचा ट्रेलर असाच अडकला होता. तिघांनी पाइप घालून जोर लावला आणि हँडलचा दांडा वाकवून ठेवला. नंतर वाकून पाहिले तर डावा लँडिंग लेग चिखलात वीतभर रुतला होता, ट्रेलर त्या बाजूला कलला होता आणि पिन जबड्यात तिरकी बसली होती. लेग वर घेऊन त्याखाली जाड फळ्या घातल्या, ट्रेलर समतल केला आणि हेड थोडे मागे घेतले, तेव्हा वाकलेल्या दांड्यानेही कुलूप उघडले. तेव्हापासून मी दोन रुंद फळ्या गाडीतच ठेवतो. लेगने ट्रेलर गरजेपेक्षा जास्त उचलणेही चुकीचे आहे, कारण ट्रेलर प्लेटवरून वर उचलला गेला की पिन जबड्यात वर ओढली जाऊन अडकते.

एवढे करूनही जबडा उघडला नाही, तर इंजिन बंद करून, चावी स्वतःजवळ ठेवून, बॅटरीच्या उजेडात बाजूने यंत्रणा पाहावी. दांडा वाकला आहे का, स्प्रिंग तुटली आहे का, जुन्या ग्रीसमध्ये धूळ मिसळून त्याचा कडक थर झाला आहे का, हे तपासावे. एप्रिल-मेच्या उन्हात ग्रीस पातळ होऊन ओघळते आणि महामार्गाची धूळ उरलेल्या ग्रीसला चिकटते. सांध्यांवर गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ थांबावे आणि ताण काढण्याची क्रिया पुन्हा करावी. जबड्यावर घणाचे घाव घालू नयेत. क्लीनरने हँडल धरले असताना गाडी हलवू नये आणि हेड व ट्रेलरच्या मध्ये कोणालाही उभे राहू देऊ नये. पिन एकदम सुटली, तर सावरायला वेळच मिळत नाही. स्प्रिंग किंवा जबडाच मोडला असेल, तर जाणकार मिस्त्रीलाच बोलवावे.

कुलूप उघडले, तरी लगेच निघू नये. हवेच्या नळ्या आणि दिव्यांची वायर काढल्याची खात्री करून हेड साधारण फूटभर पुढे घ्यावे, थांबावे, उतरून लेग नीट टेकले आहेत का ते पाहावे आणि मगच पूर्ण बाहेर पडावे.

त्याच दिवशी जुने ग्रीस खरवडून, प्लेट आणि जबडा पुसून नवीन लिथियम ग्रीस लावावे. प्लेटवर प्लॅस्टिकचे अस्तर असेल, तर निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे वागावे. किंगपिनही मोजून घ्यावी. 2 इंची पिनचा मूळ व्यास 50.8 मिमी असतो. तो झिजून 49 मिमीवर आला, तर पिन बदलल्याशिवाय तो ट्रेलर पुन्हा जोडू नये.